मामांचा खटका: ५८ कॉम्प्युटर रात्री उठवण्याच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

मॅडमची सही झाली. काम असं: पतसंस्थेचं नाशिकच्या शरणपूर रोडचं मुख्य कार्यालय (३१ मशीन) आणि पंचवटी, नाशिकरोड, सिन्नर, ओझर या चार शाखा (८, ७, ६, ६) मिळून ५८ कॉम्प्युटर. रात्री घरबसल्या चालू करायचे, अपडेट द्यायच्या, परत बंद करायचे. मुदत १४ ऑक्टोबर. त्या दिवशी विंडोज १० चा सपोर्ट संपतो. ज्या मशीनना ११ झेपेल त्यांच्यावर त्याआधी चढवायचं, उरलेल्यांसाठी पैसे भरून वाढीव मुदत घ्यायची.

आजवर काय चाललं होतं ते लिहून ठेवतो, नाहीतर वर्षभराने मीच म्हणेन की एवढा खटाटोप कशाला. मायक्रोसॉफ्टची अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात (तिकडे हिवाळी वेळ लागली की साडेअकरा). बुधवारी मी नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावायचो, ‘आज कॉम्प्युटर बंद करू नयेत’. निम्मे तरी बंद व्हायचेच. मग ती अपडेट गुरुवारी सकाळी अकराला काउंटरवर स्वतःहून सुरू होणार, पडद्यावर ‘३२ टक्के, बंद करू नका’, आणि समोर पासबुक धरून उभे ठेवीदार आजोबा. शिव्या मला.

रोज रात्री सगळं चालूच ठेवावं तर? प्लगचा मीटर लावून पाहिलं. नुसतं चालू असलेलं मशीन सरासरी ४५ वॅट खातं. ३१ मशीन, १४ तास, म्हणजे रात्रीला साडेएकोणीस युनिट. बंद केलेलं पण प्लगला असलेलं मशीन १.८ वॅट, सगळी मिळून पाऊण युनिट. मॅडमनी हा एवढाच कागद वाचला आणि सही केली.

२० ऑगस्ट, बुधवार

पाहणी. मुख्य कार्यालयात १९ एचपी, ८ डेल, ४ असेंबल्ड. प्रत्येकाच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन बघावं लागणार, त्याला इलाज नाही. प्रत्येकाने एकाच गोष्टीला वेगळं नाव ठेवलंय. डेलमध्ये ‘डीप स्लीप कंट्रोल’ बंद करून ‘वेक ऑन लॅन’ला (नेटवर्कवरून उठवण्याच्या सोयीला) ‘लॅन ओन्ली’ द्यायचं. एचपीमध्ये ‘एस५ मॅक्झिमम पॉवर सेव्हिंग्ज’ बंद करायचं. असेंबल्डमध्ये ‘ईआरपी’ बंद. तिन्हींचा अर्थ एकच: वीज वाचवण्याच्या नावाखाली मशीन बंद झाल्यावर नेटवर्क कार्डाचाही दाणापाणी तोडायचा की नाही. कार्डाला तेवढा दीड-दोन वॅटचा शिधा मिळत राहिला तरच ते रात्रभर कान उघडे ठेवून पडून राहतं.

ओळखायची सोपी खूण: मशीन बंद केल्यावर मागच्या लॅनच्या खाचेतला दिवा जळत राहिला पाहिजे. दिवा विझला की पुढचं काही तपासू नये, बायोसला परत जावं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

मॅक पत्त्यांची (प्रत्येक नेटवर्क कार्डाच्या कायमच्या पत्त्यांची) यादी तयार. ५८ पैकी ५५ डीएचसीपीच्या (मशीनना नेटवर्कवर आयपी पत्ता वाटणाऱ्या सेवेच्या) नोंदींतून मिळाले, तीन मशीन त्या वेळी बंद होती म्हणून कॅबिनेटच्या मागच्या स्टिकरवरून हाताने उतरवले. टेबलाखाली पालथं पडून, मोबाईलच्या उजेडात. त्यातला एक चुकलाय हे संध्याकाळी कळलं. धुळीने मळलेल्या स्टिकरवर ८ आणि बी यांत काय फरक? पुसून पुन्हा पाहिलं, तो बी होता.

पहिली चाचणी माझ्या शेजारच्या मशीनवर. बंद केलं, पाच मिनिटं थांबलो, उठवायचं पॅकेट (नेटवर्कवरचा छोटासा निरोप) सोडलं, पंखा फिरला. मामा (शिपाई, इथे माझ्या दुप्पट वर्षं) कपबशा गोळा करत होते. ते थबकले.

“भाऊ, हात न लावता कसं चालू झालं?”

पॅकेटची कथा सांगितली. आधी सहा वेळा ‘एफएफ’, म्हणजे ‘ऐका हो ऐका’. मग त्याच मशीनचा सहा बाइटचा पत्ता, सलग सोळा वेळा. एकूण १०२ बाइट, याचंच नाव मॅजिक पॅकेट. १९९५ मध्ये एएमडी या चिप कंपनीने ही युक्ती मांडली, आजही तशीच चालते. बंद मशीनचं कार्ड बाकी काही वाचत नाही, स्वतःचं नाव सोळा वेळा ऐकू आलं की फक्त उठतं.

मामा म्हणाले, “सोळा येळा नाव घेतल्यावर मेलेलंबी उठंल.”

२५ ऑगस्ट, सोमवार

आज खरी चाचणी. संध्याकाळी साडेसहाला ३१ पैकी २९ उठली. पेढे वाटायचेच बाकी होते. रात्री अकराला घरून (इंदिरानगर) व्हीपीएनने (ऑफिसच्या नेटवर्कात शिरायच्या सुरक्षित वाटेने) पुन्हा तीच यादी चालवली.

शून्य.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळपासून शोधतोय. संध्याकाळी चालतं, रात्री चालत नाही. नेटवर्कचा स्विच तपासला, फायरवॉल तपासली. दुपारी माझ्या स्क्रिप्टमध्ये चूक सापडली आणि स्वतःचीच लाज वाटली: पॅकेट मी मशीनच्या आयपीवर पाठवत होतो. झोपलेल्या मशीनला आयपी कुठून असणार? कुणाचा आयपी म्हणजे कुणाचा मॅक, हे सर्व्हरच्या एआरपी तक्त्यात थोडा वेळ शिल्लक राहतं, म्हणून बंद केल्यावर लगेच पाठवलं तर पोचतं. तक्ता विसरला की सर्व्हर विचारत बसतो ‘हा आयपी कुणाचा?’ आणि उत्तर देणारा तर झोपलाय. पाच मिनिटांनी चाचणी घेणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. निदान दोन-तीन तास थांबून घ्यायची.

उपाय: सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणजे ब्रॉडकास्टवर पाठवायचं. पोर्ट ९ ठेवलाय, ७ ठेवला तरी चालतं, कार्ड पोर्ट बघतच नाही.

रात्री अकरा. पुन्हा शून्य.

म्हणजे चूक एक नव्हती, दोन होत्या.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले, सुट्टी. आज सकाळी साडेआठलाच ऑफिसात येऊन बसलो, मामा यायच्या आधी. सर्व्हर रूमच्या बाहेर यूपीएसचा बोर्ड आहे, १० केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस, त्याच्या आउटपुटला खटके. सर्व्हर, राउटर आणि सीसीटीव्हीचा खटका वर. कॉम्प्युटरच्या लाइनचे तिन्ही खटके खाली.

मामा पावणेनऊला आले, चपला काढल्या, गणपतीला हात जोडले आणि सरळ जाऊन तिन्ही खटके वर केले. रोजची सवय. संध्याकाळी सात वाजता पाडतात.

महिनाभर मी बायोस, एआरपी आणि काय काय करणार होतो. माझ्या १०२ बाइटना भिंतीवरच्या खटक्यापुढे काय किंमत?

“मामा, हे रात्री बंद नाही करायचे आता.”

“मग मला घरी झोप येनार न्हाई.”

कारण विचारलं. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी इथे यायच्या आधी, कॅश केबिनमधला स्टॅबिलायझर रात्री जळाला होता. सकाळी दार उघडलं तर छतापर्यंत काजळी आणि जळक्या रबराचा वास. त्या दिवसापासून हे. कुणी सांगितलं नाही, कुणी लेखी दिलं नाही. स्वतःच ठरवलं आणि एक दिवस चुकवलं नाही. यावर मी काय बोलणार? वायरिंगच्या बाबतीत त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त आहे.

शिवाय आज तीन मशीनचे प्लग काढून त्या बोर्डावर गणपतीच्या माळा लावल्यात. तेवढं अनंत चतुर्दशीपर्यंत सोडून देतो.

३० ऑगस्ट, शनिवार

इलेक्ट्रिशियन बोलावला. ठरलं ते असं: तीनपैकी दोन लाइनींवर कॉम्प्युटर आणि प्रिंटर, पंख्यांचे जादा बोर्ड, कुणाचा मोबाईल चार्जर, चहाची इलेक्ट्रिक किटली (!) असं सगळं एकत्र होतं. ते वेगळं काढून तिसऱ्या लाइनीवर घेतलं. आता दोन खटके निव्वळ कॉम्प्युटरचे, ते चोवीस तास वर. तिसरा मामांच्या ताब्यात, तो त्यांनी खुशाल रोज पाडावा. कॉम्प्युटरच्या लाइनीवर गळती पकडणारं आरसीसीबी बसवलं, कॅश केबिनमध्ये धुराचा अलार्म लावला.

इलेक्ट्रिशियनने किटलीची वायर मामांना दाखवली, प्लगच्या तोंडाशी पार काळी पडलेली. मामा माझ्याकडे बघत होते, ‘सांगत होतो ना’ अशा नजरेने. बोलले काही नाहीत.

लाल अक्षरांत चिकटपट्टी: ‘हे दोन खटके बंद करू नयेत’. मामांनी ती हाताने दाबून दाबून बसवली.

२ सप्टेंबर, मंगळवार

रात्री अकरा. ३१ पैकी २० उठली. आहाहा!

उरलेल्या ११ पैकी तीन गणपतीपुढे गेलेली. आठ मात्र ‘फास्ट स्टार्टअप’ची. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे खरं बंद होणं नव्हे, अर्धं हायबरनेट होणं (चालू स्थिती डिस्कवर लिहून झोपणं) आहे. सकाळी चटकन चालू व्हावं म्हणून. त्या अवस्थेत विंडोज नेटवर्क कार्डाला ‘जागं राहा’ असं सांगून जात नाही. ‘रीस्टार्ट’ला हे लागू नाही, म्हणून मी रीस्टार्ट करून तपासलं की सगळं ठीक दिसायचं. रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतली) ‘हायबरबूट एनेबल्ड’ची किंमत शून्य केली, सगळ्या ५८ वर एका फटक्यात ग्रुप पॉलिसीने. सोबत डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘फक्त मॅजिक पॅकेटनेच उठावं’ ही खूणही केली, नाहीतर इकडचं तिकडचं कुठलंही पॅकेट आलं तरी झोपवलेलं मशीन मध्यरात्री डोळे उघडून बसतं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शाखांकडे वळलो. इथे ब्रॉडकास्टची गंमत संपते, राउटर ते पलीकडे जाऊ देत नाही आणि देऊही नये. एकेकाळी द्यायचे. मग नव्वदच्या दशकाअखेरीस लोकांनी त्याचा ‘स्मर्फ’ हल्ला केला: खोट्या पत्त्याने एक हाक मारायची, अख्ख्या नेटवर्कने एकदम ओ द्यायची आणि ते सगळं उत्तर भलत्याच बिचाऱ्याच्या अंगावर. १९९९ च्या आरएफसी २६४४ ने (इंटरनेटच्या नियमांच्या एका दस्तऐवजाने) सांगितलं की राउटरमध्ये हे मुळातच बंद ठेवा. ठीकच आहे, मी ते उघडणार नाही.

सिन्नरला इंटरनेटचं कनेक्शन देणारा मुलगा म्हणाला, “सर, बाहेरून पोर्ट ९ फॉरवर्ड करून देतो ना, दोन मिनिटांचं काम.” नको रे बाबा. या पॅकेटला कुलूपकिल्ली काही नसते, ज्याला मॅक माहीत तो उठवणार. सहा बाइटच्या पासवर्डची सोय आहे म्हणतात, पण तोही उघडाच जातो आणि बहुतेक कार्डं त्याला ओळखतच नाहीत. आत यायचं ते व्हीपीएननेच.

मार्ग सोपा निघाला. चारही शाखांत मिक्रोटिकचे राउटर आहेत, त्यात उठवण्याचं साधन बसवलेलंच असतं. मी राउटरला सांगायचं, राउटर आपल्या घरातल्यांना हाक मारेल. आणि राउटर रात्री कुणी बंद करत नाही, कारण सीसीटीव्ही त्याच्यावर आहे. शाखाधिकाऱ्यांना कॉम्प्युटर बंद पडलेला चालतो, कॅमेरा बंद पडलेला चालत नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

अपडेटचा मंगळवार, पण आज संध्याकाळी पाऊस आणि त्यात वीज गेली. यूपीएसची बॅटरी चाळीस मिनिटं टिकली, वीज तासाभराने आली. रात्री बघतो तर एचपी आणि डेल उठतायत, चारही असेंबल्ड ढिम्म. वीज पूर्ण जाऊन परत आली की त्यांचं कार्ड सगळं विसरतं, मशीन एकदा चालू होऊन बंद झाल्याखेरीज त्याला आठवत नाही.

बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर: चालू हो’ असं एक कलम असतं. ते या चौघांपुरतं लावलं. सगळ्या ३१ ना लावावं असा मोह झाला होता. पण मग वीज आल्या क्षणी ३१ मशीन एकदम उठणार आणि यूपीएस कोकलणार.

त्याच कारणाने पॅकेटही आता दहा-दहाच्या टोळ्यांनी जातं, मध्ये दोन मिनिटं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज मी खाल्लेल्या शिव्या रास्त होत्या. कर्ज विभागातल्या ताई मशीन बंद करत नाहीत, झोपवून जातात. काल संध्याकाळी थकबाकीच्या यादीचं एक्सेल अर्धं करून सेव्ह न करता गेल्या. रात्री मी मशीन उठवलं, अपडेट दिली, रीस्टार्ट केलं. सकाळी यादी नाही. सेव्ह न केलेल्या फायली शोधण्याच्या सोयीतून दुपारपर्यंतची प्रत सापडली, पण त्यानंतरची त्रेचाळीस खाती पुन्हा भरावी लागली. मी शेजारी बसून पावत्या वाचल्या, त्यांनी टाइप केल्या. संपता संपता म्हणाल्या, “रात्री येऊन जाताना निदान दार वाजवत जा.”

बरोबर आहे. स्क्रिप्टमध्ये पहिली ओळ आता हीच: कुणी लॉगिन आहे का ते विचार. असेल तर हात लावू नको, नाव यादीत टाक आणि पुढे जा. सकाळी मी फोन करतो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

शाखा: पंचवटी ८/८, नाशिकरोड ७/७, ओझर ६/६, सिन्नर ५/६. बायोससाठी मात्र प्रत्येक ठिकाणी एकदा स्वतः जावं लागलं. ओझर आणि सिन्नर एकाच दिवशी उरकायचा हुशारपणा केला. दोन्ही शाखांत मिळून जेवढा वेळ गेला, त्यापेक्षा जास्त नाशिकच्या द्वारकेच्या चौकातल्या कोंडीत गेला असेल.

विंडोज ११ चा हिशेब: टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर या अटीवर ४६ मशीन बसतात, १२ बसत नाहीत. त्या १२ ना वाढीव मुदत.

२७ सप्टेंबर, चौथा शनिवार

सुट्टीचा फायदा घेऊन काल रात्रीपासून आज दुपारपर्यंत मुख्य कार्यालयात ११ चढवलं, २५ मशीन. प्रत्येकाला पाच जीबीच्या आसपास उतरवायचं. सगळ्यांनी इंटरनेटवरून घेतलं असतं तर सोमवार उजाडला असता. एका मशीनने आणायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून लॅनवर घ्यायचं, ही वाटून घ्यायची सोय चालू केली. हे सगळं घरी, खाटेवर बसून. बायको दोनदा विचारून गेली की ऑफिसला सुट्टी आहे ना.

एक चावटपणा लक्षात ठेवायचा: ११ चढल्यावर सहा मशीनवर फास्ट स्टार्टअप पुन्हा आपोआप चालू झालेलं सापडलं. पॉलिसी दर वेळी लागू होईल अशी बदलली.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. उद्या सुट्टी म्हणून ऑफिसची पूजा आजच. मामांनी तिजोरी, नोटा मोजायचं मशीन, प्रिंटर सगळ्यांना हळदकुंकू लावलं. यूपीएसच्या बोर्डाला सगळ्यात जाड झेंडूचा हार. मी म्हटलं, मामा, याला एवढा मान? म्हणाले, “रातपाळी करतंय ना ते.”

शाखांचं ११ याच आठवड्यात पूर्ण करतोय, रोज एक.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

रात्री १०:३०. विंडोज १० ची शेवटची सर्वसाधारण अपडेट आली. चहा, लॅपटॉप, यादी.

१०:५०. चारही शाखांना हाक. २७ पैकी २६.

१०:५५. मुख्य कार्यालय, पहिली टोळी. शून्य. दुसरी, शून्य. कुणीच नाही. पोटात गोळा. सर्व्हर चालू, राउटर चालू, स्विचवर मात्र ३१ च्या ३१ पोर्ट मेलेले.

११:१०. मामांना फोन करावा की नाही? ते दिवाळीसाठी आधीच गावी गेलेत, निफाडकडे. तिसऱ्या रिंगला उचलला.

“मामा, खटके...”

“बदलीवालं पोरगं हाय ना आज, त्यानं पाडलं आसतील. चिकटपट्टी दिसली नसंल त्याला, हाराखाली झाकली गेली. वाळलाय तो, म्या काढायचा ऱ्हायला. थांबा, वॉचमनला फोन लावतो.”

११:२४. स्क्रीनवर चार हिरवे ठिपके आले, मी एकही पॅकेट पाठवलेलं नसताना. वीज आल्याबरोबर उठणारी चार असेंबल्ड. महिनाभर मला ज्यांची धास्ती, तीच आधी हजर.

११:२६. पहिली टोळी दहा. ११:२८, दुसरी दहा. ११:३०, उरलेली सात. ३१/३१. लॉगिन असलेलं कुणी नाही. ताईंचं मशीनही रीतसर बंद केलेलं होतं.

१:४०. सगळी परत बंद.

उद्या: सिन्नरचं तीन नंबरचं मशीन (शाखेने ऑगस्टमध्ये मदरबोर्ड बदलून घेतलाय, मला कळवलं नाही, माझ्या यादीत मॅक जुनाच). चिकटपट्टी बोर्डाच्या वर लावणे, हार खाली. मामांना फोन करून सांगणे की सगळी उठली, ते जागे राहिले असतील.